भोंगा पाठीशी ठेवून

सीना आणि भीमा जिथे मिळतात तो संगम मीनाबाईला सायकलवरून गाठायचा होता, आणि तोही सोमवारच्या आत! सोमवारपासून ती वळसंगच्या बाजूच्या गावांत नर्स म्हणून हिंडणार होती. दवाखान्याची जीप कुणा नर्सबाईच्या वाट्याला येत नसते, येणं-जाणं सायकलवरच. एखादी बाई वेणा देत वाट बघतेय आणि आपण रस्त्याकडेला दम टाकत बसलोय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं. रविवारी संगमापर्यंत जाऊन धडपणे परत आलो, तर आपल्यात ती धमक आहे असं समजायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

दुष्काळ सरल्यानंतरचं ते अख्खं वर्ष तिनं सायकलीपायी घालवलं होतं. बदली होऊन गेलेल्या एका सिस्टरची जुनी लेडीज सायकल तिनं घेतली, तेव्हा सोलापुरातल्या तिच्या चाळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शिकवायला पुढं आला तो शेजारचा सिद्राम. गिरणीत मागावर काम करणारा हा गडी पाळी सुटली की थेट मैदानावर येई आणि सीट धरून तिच्यामागं पळे. एकदा चेनमध्ये लुगडं अडकून ती भर बाजारात आडवी झाली. एकदा वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणत एकटी वळसंगला पोचली, तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली होती. त्या दिवशी ती घरी येऊन उगाचच हसत होती.

रविवारी झुंजुमुंजू होताच तिघं निघाले. मीनाबाई, सिद्राम आणि तिचे पती यशवंत मास्तर. मास्तरांना सायकल उत्तम येत होती. फक्त चढण आली की त्यांना आजूबाजूचं निसर्गसौंदर्य दिसू लागे आणि ते उतरून चालत. सीनेचा पूल मागं पडला. मंद्रुपात चहा झाला. पुढं डांबरी रस्ता सोडून ते ज्वारीच्या रानातल्या गाडीवाटेला लागले. हुरड्यात आलेली कणसं दोन्ही बाजूंनी हँडलला घासत होती, हातांना गारठा झोंबत होता, आणि मीनाबाईला वाटलं की ही वाट अशीच चालत राहावी.

तेवढ्यात धुकं आलं. बघता बघता पुढच्या माणसाची पाठ दिसेना! वाटेला फाटे फुटत होते आणि प्रत्येक फाटा सारखाच वाटत होता. मास्तरांच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. त्यांनी पंक्चर काढलं, तोवर आलो कुठून हेही कुणाला सांगता येईना.

आणि भोंगा वाजला. लांबून, घोगरा, पण भोंगाच!

"आपल्या मिलचा!" सिद्राम ओरडला. "बगा, मी सांगत हुतो न्हाय का? पार भीमेपत्तूर ऐकू येतोय!"

गिरणीतल्या लोकांची ही जुनी बढाई होती. चाळीत पाणी तापायचं भोंग्यावर, पोरं उठायची भोंग्यावर. भोंगा खोटा बोलेल असं सोलापुरात कुणाच्या डोक्यातही येत नसे.

"म्हंजे सोलापूर तिकडं," सिद्राम म्हणाला. "भोंगा पाठीशी ठिवायचा की समोर संगम! चला!"

मीनाबाईला आवाज जरा बसका वाटला. पण मागावर जन्म गेलेल्या माणसाला भोंगा काय शिकवायचा, म्हणून तिनंही सायकल वळवली. भीमेपल्याड औंदा नवा साखर कारखाना सुरू झालाय, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. भोंगा त्याचा होता, सोलापूरच्या नेमक्या उलट दिशेनं आलेला! संगम सोडून ते भलतीकडंच, सीनेच्या काठाकडं निघाले होते.

पाण्याचा वास आला. काठावर सायकल टेकवून "बगून येतो" म्हणत सिद्राम खाली उतरला. वरून वाळलेला, आतून लोण्यासारखा गाळ! एक पाय गेला. तो काढायला दुसरा टाकला, तोही गेला. क्षणात तो कमरेपर्यंत रुतला.

"मास्तर! वडा मला!"

मास्तर धावले.

"थांबा!" मीनाबाई ओरडली. "तुम्ही जड आहात! सिद्रामभाऊ, पाय झाडू नका! पटका सोडा!"

तिनं आपली सायकल गाळावर आडवी टाकली आणि पोटावर सरपटत तिच्यावर गेली. सायकल दबली, पण तिनं भार पेलला. सिद्रामनं पटका फेकला. चुकला! गाळ छातीला लागला. त्यानं पुन्हा फेकला. या वेळी पटक्याचा शेव तिच्या बोटांत आला. तो तिनं मागं मास्तरांकडं दिला. मास्तरांनी बाभळीच्या बुंध्याला वेढा घातला आणि ताण धरला.

"आता आडवे व्हा. झोपल्यासारखे. घाई नको."

मागं सरकत ती बोलत राहिली, अडलेल्या बाईशी बोलावं तशी. सिद्राम इंचाइंचानं वर आला. त्याचा हात सायकलीवर पडला, मग गुडघा. तो काठावर येऊन पडला, तेव्हा सायकलीचं फक्त हँडलचं एक टोक वर राहिलं होतं.

मीनाबाईनं त्याच्या तोंडावरचा गाळ पुसला. मग धुकं विरलं, आणि उजवीकडं, फार लांब नाही, दोन्ही नद्यांचं पाणी एक होऊन चमकताना दिसलं.

"वहिनी," सिद्राम कोपरावर रेटून उठत म्हणाला, "चूक माजी हाय. माजी सायकल घ्या, संगम बगून या. तंवर आमी हिला काडतो."

मीनाबाईनं त्या पाण्याकडं डोळे भरून पाहिलं. जावंसं तर फार वाटत होतं. पण मघाशी माणूस बुडत होता तेव्हा आपण डगमगलो नाही, हे तिला आत्ता आठवलं, आणि इतके दिवस उरात बसलेली धास्ती शोधूनही सापडेना.

"तुम्हांला अजून उभं राहता येत नाही, आणि यांच्या एकट्याच्यानं ती निघायची नाही," ती म्हणाली. "संगम काही पळून जात नाही. बाळंतीण मात्र थांबत नाही. ऊन तापून गाळ आवळायच्या आत काढू या."

फांद्या अंथरून, पटक्यानं ओढून, हातांनी गाळ उपसून सायकल बाहेर निघेस्तोवर सूर्य डोक्यावर आला होता. हँडल वाकडं झालं होतं. संगम न बघताच तिघं परत फिरले. चढण आली, तेव्हा मास्तर खाली न उतरता पायडल मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी वळसंगच्या वाटेवर ते वाकडं हँडल सारखं डावीकडं ओढत होतं. गावाच्या तोंडाशीच ईरम्मा नावाची बाई पळत आली. तिची सून पहाटेपासून अडली होती.

"बर्री बाई, लवकर या! आन् सायकलीला एवडा चिकल कुटला?"

आतून किंकाळी आली. मीनाबाईनं सायकल भिंतीला टेकवली, घंगाळात हात धुतले आणि ती आत गेली. तिला दम लागला नव्हता.