डाव्या कोपऱ्यातला हिरवा डाग

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटबाहेर, बसच्या रांगेत, मागच्या माणसाने जयंतीला अदबीने विचारलं, "तुम्ही टीव्हीच्या कारखान्यात आहात ना?"

जयंतीने ओढणी पुढे घेऊन कंपनीचा बिल्ला झाकला. "मी खोकी बंद करते," ती म्हणाली.

हे साफ खोटं होतं. चार वर्षं ती रंगीत सेटच्या तपासणीवर होती. चित्रातले रंग नेमके बसवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण महिन्यापूर्वीच दोघीजणींना कामावरून काढलं होतं, बाहेरचे सेट दुरुस्त करतात म्हणून. गिऱ्हाईक बनून आलेला माणूस कंपनीनेच पाठवलेला होता, अशी कुजबुज होती. जयंतीच्या वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच. घर तिच्याच पगारावर चालत होतं.

तो मात्र सांगतच राहिला. घरी नवा रंगीत टीव्ही घेतलाय, पण बातम्या देणाऱ्या बाईचा एक गाल हिरवा दिसतो. दुकानाचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला, त्याला काहीच सापडलं नाही.

गप्प बसायचं असं ठरवूनही जयंतीच्या तोंडून निघून गेलं, "बाई सरकली की हिरवेपणाही सरकतो?"

"नाही. डाग डाव्या कोपऱ्यातच राहतो." तो किंचित हसला. "खोकी बंद करताना बरंच शिकवतात वाटतं..."

तिचे कान तापले. बस आली. घाटकोपरला पंतनगरच्या थांब्यावर तीही उतरली आणि तोही. हा मागावरच आहे, असं तिला वाटलं. घरी आल्यावर आईकडून कळलं, की तो समोरच्या इमारतीतला श्यामसुंदर. त्याची आई दुधाच्या रांगेत रोज भेटते. माऊली कानाने अधू आहे, जाऊन बघ जरा, अशी आईने वर गळ घातली.

जयंती गेली, पण सावधपणे. पाना नाही, पेचकस नाही, हात रिकामे. खोली एवढीशी, तिच्यासाठी टीव्हीसमोर खुर्ची मांडून ठेवलेली. श्यामसुंदरने टीव्ही लावला. चित्र आरशासारखं स्वच्छ! डाव्या कोपऱ्यात हिरव्याचा मागमूस नाही.

"काल होता," तो पुटपुटला. "शपथ सांगतो..."

"असेल," ती म्हणाली. तिला ते अजिबात पटलं नव्हतं.

आठ दिवसांनी त्याने पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा तेच. चित्र झकास, आणि तो खजील. चहा पिताना त्याने विचारलं, तुमची सुट्टी कधी असते, कारखान्यातून किती वाजता सुटता. प्रश्न साधेच होते, पण विचारताना तो तिच्याकडे न बघता कपाकडे बघत होता. चहा देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, तेव्हा बशीत चहा सांडला. चोराच्या मनात काहीतरी आहे खास, असं जयंतीला वाटलं. आपलंही काळीज का धडधडतंय, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

निघताना टीव्हीवर एक वही उघडी दिसली. पानावर तारीख, वेळ आणि तिचं नाव. एकदा नव्हे, दोनदा.

त्या आठवड्यात तिला जेवण गोड लागलं नाही. सुपरवायझरने हाक मारली तरी ती दचकायची. आणि राग नोकरीपेक्षा त्याचा जास्त येत होता. इतक्या सरळ चेहऱ्याचा माणूस... असा निघावा?

रविवारी सकाळी ती न सांगता त्याच्या दारात उभी राहिली. श्यामसुंदर पाव आणायला गेला होता. त्याच्या आईने हसून आत घेतलं. टीव्ही चालू होता. आणि डाव्या कोपऱ्यात हिरवा डाग होता, तळहाताएवढा पसरलेला. डागाला अगदी खेटून ठेवला होता भलामोठा स्पीकर, मांडववाल्याकडे असतो तसा.

म्हातारीने मोठ्याने सांगितलं, ऐकू येत नाही म्हणून लेकाने जोडून दिलाय. पाहुणे यायचे असले की स्पीकर गॅलरीत जातो, खुर्चीला जागा हवी ना.

जयंतीने स्पीकर दूर ओढला. टीव्ही बंद करून थोडा वेळ थांबली, पुन्हा लावला. डाग गेला. स्पीकरच्या पोटात चुंबक असतो, आणि रंगीत पडद्याला चुंबक सोसत नाही. मेकॅनिक यायचा तेव्हाही स्पीकर गॅलरीतच असायचा.

म्हणजे हा खरं बोलत होता. मग वही?

श्यामसुंदर पाव घेऊन आत आला आणि तिला बघून दारातच थबकला. जयंतीने वही उचलून त्याच्यासमोर धरली. "हे कुणाला दाखवायला लिहिलंय?"

तो गोरामोरा झाला. मेकॅनिकला नीट सांगता यावं म्हणून रोजची नोंद ठेवत होतो, म्हणाला. तिने वाचलं. सकाळी नऊ, डाग आहे. संध्याकाळी सात, जयंती आल्या, डाग नाही. पुढेही तसंच.

"याचा अर्थ लावत होतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आलात की इथलं सगळं स्वच्छ होतं. एकच अर्थ लागत होता. तो मेकॅनिकला सांगण्यासारखा नव्हता."

आई मान डोलावत टीव्ही बघत होती. जयंतीला स्पीकरचं सांगावंच लागलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"मग... आता तुम्हाला बोलवायला काही उरलं नाही."

"नाही उरलं," ती म्हणाली. दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि मागे न बघता म्हणाली, "संध्याकाळी तुम्ही या आमच्याकडे. बाबा घरी असतात."

तो आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. वडिलांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. काय काम काढलंत, असं विचारलं. श्यामसुंदरने टीव्हीपासून सुरुवात केली, हिरव्या गालापर्यंत आला आणि अडकला. वडिलांच्या कपाळावरची आठी वाढली. जयंतीच्या घरात तर टीव्हीच नव्हता.

जयंती चहा घेऊन बाहेर आली. तिने पहिला कप त्याच्या हातात दिला, आणि या वेळी तिचीच बोटं त्याच्या बोटांना लागली.

"टीव्ही दुरुस्त झाला, बाबा," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी आलेत. मीच बोलावलंय."