तिसऱ्या हाकेला

कट्टा गावच्या एस.टी. थांब्यासमोर गुरुदासाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक खोटं बोलतं, यंत्र बोलत नाही, हा त्याचा वीस वर्षांचा हिशोब. "आपोआप बंद पडलो" म्हणून आणलेल्या रिमोटातली सोलकढी पुसता पुसता तो विचारी, "ह्येका तान लागलेली काय रे?"

२००७ साली त्याने पुण्याहून नखाएवढे रेडिओ मॉड्यूल मागवले. दोन पेन्सिल सेलवर वर्षभर चालणारे, पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. पाइपच्या तुकड्यात घालून, तोंडं एम-सीलने बुजवून ते त्याने किनाऱ्यावरच्या तळाशील गावातल्या दोघा भावांच्या होड्यांना बांधून दिले. थोरल्या काशीरामाला एक नंबर, धाकट्या बाबूला दोन. काशीरामाच्या बायकोकडे, सुगंधाकडे, एक डबा. डबा तासातासाने प्रत्येक नंबराला हाक घालणार, होडी जवळ आली असली तर मॉड्यूल उत्तर देणार, डब्यावर त्या नंबराचा दिवा लागणार. चुलीवर भात कधी चढवायचा, ते सुगंधाला कळणार.

काशीरामाची अट एकच. "मेस्त्री, पयल्या हाकेक ओ देव नये. दुसऱ्याकय नाय. पाण्यात जां काय फिरता, तां दोनदाच हाक मारता. तिसरी हाक माणसाची."

"अरे, ह्यां यंत्र!"

"यंत्र तुझां. होडी माझी."

गुरुदास हसला, पण प्रोग्राम तसाच लिहिला. दहा-दहा सेकंदांनी तीन हाका. पहिल्या दोन मॉड्यूल मुकाट ऐकून घेई. तिसरीला उत्तर देई, तेव्हाच त्याचा स्वतःचा लाल दिवा एकदा लुकलुके.

ऑक्टोबरात काशीराम परतला नाही. पाचव्या दिवशी पाइप तेवढा वाळूत सापडला, तो बाबूने आणून दिला. आत खारं पाणी, सेल फुगलेले, मॉड्यूल हिरवं पडलेलं. गुरुदासाला ते टाकवेना. टेबलाच्या कडेला राहू दिलं.

आठवड्याने, भर दुपारी, बाबू डबा आणि आपला पाइप घेऊन आला.

"एक नंबर ओ देता, मेस्त्री. रोज. वयनी म्हणता, ओ देता तवसर दिवस करूचे नाय. उद्या मी दादाक शोधूक होडी घालतंय. ह्यां जरा तपासून दी."

"खुळो काय रे तू? एक नंबर हय माझ्या टेबलार पडलो हा!"

"मगे ओ कोण देता?"

गुरुदासाने त्याला निरखलं. दाढीचे खुंट, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. हे गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं. कुठल्यातरी टॉवरचा घोळ असेल. इथून समुद्र कोसांवर. इथे दिवा लागायचा नाही, मग बाबूची खात्री पटेल. त्याने डबा चालू केला.

पहिली हाक. दुसरी. तिसरी.

डब्यावरचा एक नंबरचा दिवा लागला.

टेबलावरचं हिरवं मॉड्यूल सेलावाचून पालथं पडलं होतं.

गुरुदासाने चेहरा हलू दिला नाही. डब्याचे सेल काढून घेतले.

"डबो बिघाडलो. उगाच दाखयता. तू जाव नको."

"खरां?"

"खरां."

इतक्या वर्षांत या टेबलाच्या अलीकडून कोणी खोटं बोललं नव्हतं.

बाबूने मोठा श्वास सोडला. "मगे मी जावचंय नाय. वयनीक तूच सांग."

समोरून चहा आला. बाबू रस्त्याकडे पाठ करून बसला. शेजारी टेबलावर त्याचा तपासायला उघडलेला पाइप.

पहिला घोट घेताना त्याची मान दाराकडे वळली. रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी नव्हतं. त्याने परत बशी तोंडाला लावली.

मग मान पुन्हा वळली.

"काय रे?"

"काय नाय."

गुरुदास मनात मोजू लागला. सात. आठ. नऊ.

बाबूने बशी खाली ठेवली. चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखं हसू.

"ओ, दादा," तो उठत म्हणाला. "येतंय."

टेबलावर दोन नंबरचा लाल दिवा लुकलुकला.

डब्याचे सेल गुरुदासाच्या मुठीत होते.