कुत्र्याच्या डोक्यावरचा हात

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय हे. तेही रात्री नाही, भर दुपारी, त्याच्या कामाच्या खोलीत.

मामा हुबेहूब पोर्ट्रेट काढतो. तीस वर्षं लोकांची नाकं-डोळे काढून पार शिणलाय बिचारा. "हे शेवटचं" असं पाच वर्षं म्हणतोय.

एक बाई आल्या. सोबत म्हातारा कुत्रा. त्यांचे वडील नुकतेच गेले होते आणि कुत्र्याने अन्न सोडलं होतं.

"बाबांचा हात सतत याच्या डोक्यावर असायचा. तसंच काढा, काका. चित्र बघून तरी दोन घास खाईल."

फोटो होता तो ओळखपत्राचा. नुसता चेहरा.

"हात माझाच बघून काढतो, ताई," मामा म्हणाला.

तीन दिवसांत चेहरा आणि हात झाले. चौथ्या दिवशी बाई कुत्र्याला मामाकडे सोडून कामावर गेल्या. कुत्रा आपणहून रिकाम्या खुर्चीशेजारी जाऊन बसला. मान वर करून...

तासभर हलला नाही.

पंखा बंद होता. तरी त्याच्या डोक्यावरचे केस दबले...

मामाने चष्मा पुसला. केस दबलेलेच. अंगठ्याची जागा. मग तीन बोटांची. करंगळीच्या जागी मात्र केस उभे.

जे दिसेल तेच काढायचं, ही मामाची जन्माची सवय. त्याने कॅनव्हासवरची करंगळी पुसून टाकली.

संध्याकाळी बाईंनी चित्रातल्या हातावर बोट ठेवलं.

"बाबांची करंगळी मशीनमध्ये गेली होती... तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामाने कुत्र्याकडे बोट दाखवलं.

कुत्रा उठला. अंग झाडलं. मामाच्या डब्यातली पोळी मटामट खाऊन टाकली. बाई रडल्या, हसल्या, चित्र आणि कुत्रा घेऊन गेल्या. तो आता ठणठणीत आहे म्हणे.

पण...

तेव्हापासून मामाचा डबा भरलेलाच परत येतो.

परवा मीच ताट घेऊन गेलो. मामा त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. मान वर. डोळे मिटलेले.

"मामा, जेवून घे रे."

"थांब जरा. फार बरं वाटतंय."

त्याचे पांढरे केस दबलेले होते...

करंगळीची जागा सोडून.

मामी रोज फोनवर विचारते, जेवला का? काय सांगू मी तिला?