एका मुक्कामाचं अंतर

हिंगोलीच्या एसटी आगारासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पुनमच्या हाती चुकून भलताच कागद आला. पुण्याच्या संशोधन संस्थेला पाठवायच्या अर्जाऐवजी तिच्यासमोर ताऱ्यांचा नकाशा होता, शेताच्या मोजणीसारखा नेटका. एका लालसर, मंद ताऱ्यापासून दूरवर एक ग्रह. वर्ष चारशे दिवसांचं आणि त्यावर चक्क कपाशी! भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला राहवेल कसं? तिने पेन्सिलीने समासात लिहिलं : इथे सगळं गोठेल.

"ओ मॅडम, नकाशा माझा हाय."

तिने दचकून वर पाहिलं. समोर एक तरुण, कपाळावर घाम, डोळ्यांत हसू.

"तारा मंद असला की ग्रह त्याच्या अगदी जवळ हवा. मग वर्ष वीस दिवसांचं होईल."

"वीस दिवसांत कपाशी कशी येईन?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"बघतो की... पण चुका दाखवायला तुमाला यावं लागंन."

तो देविदास. साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा, खासगी जमीनमोजणी करणारा. दर रविवारी दुपारी त्याच्या कचेरीत त्याचे मित्र विकास आणि शितल या नकाशावरचा खेळ खेळायला जमत. फासे टाकत, अंतराळप्रवाशांच्या भूमिका घेत आणि देविदास सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेई. पुनम चूक दाखवायला म्हणून गेली आणि यानाची चालक होऊन बसली. खिडकीतून बाजारातल्या हळदीचा वास येई. पेन्सिल देता-घेता बोटं लागत आणि दोघंही नकाशाकडे जरा जास्तच लक्षपूर्वक पाहत.

त्याच्या नकाशात एक चूक मात्र राहून गेली होती. प्रत्येक तारा पुढच्यापासून बरोबर एका दिवसावर. त्याचे वसरामआजा सांगत, तसा : पूर्वी लादलेल्या बैलांचा तांडा दिवसभर चाले आणि सांजेला मुक्काम करी. ते पुसायला तिचा हात होत नव्हता.

मग पुण्याहून निवडीचं पत्र आलं. संशोधनाची पाच वर्षं, निघायला आठ दिवस. देविदास "अभिनंदन" म्हणाला आणि फासे गोळा करू लागला. एवढंच.

शेवटच्या रविवारी पुनमने सांगून टाकलं, "शेजारचा ताराही चार प्रकाशवर्षं दूर असतो. आपलं यान प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाने धावतं. म्हणजे एका मुक्कामाला चाळीस वर्षं."

"चाळीस?" विकास ओरडला. "तवर माझी कवळी पण जुनी होईन!"

"सूत्रधार, काहीतरी बोला की," शितल म्हणाली.

पुनम त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आज पहिल्यांदाच तिला वाटत होतं, की याने भांडावं. खगोलशास्त्र खोटं आहे म्हणावं, अंतर इतकं नसतंच म्हणावं.

"बराबर हाय तिचं," तो म्हणाला आणि त्याने शाईने लिहिलं : चाळीस वर्षं.

चहा सांगायला विकास आणि शितल खाली गेले, तशी तिनेही पिशवी उचलली.

"थांब... एक कागद राह्यला."

त्याने दुसरी गुंडाळी उलगडली. यान नव्याने काढलं होतं. आत घरं, चुली, शाळा, गुरांचा गोठासुद्धा.

"अंतर कमी होत न्हाई, हे रात्रंदिवस मोजून पाह्यलं," तो खाली बघून म्हणाला. "पण आमचा तांडा निघाला की मागं कोणी राहत नव्हतं. वसरामआजा म्हणतेत, बैलांसंगं घरच चालायचं."

चालकाच्या घरावर तिचं नाव होतं. शेजारी रिकामी जागा.

"देविदास, खेळातलं नको सांगूस."

"न्हाई सांगून राहिलो. पुण्यातबी जमिनी मोजतातच ना? तुला... चालंन का?"

तिने पेन्सिल घेतली. रिकाम्या जागेत तिने 'देवि' लिहिलं आणि ती थबकली.

"माझ्या वडिलांना... तू ओळखत नाहीस. तांड्यावरचा मुलगा म्हटल्यावर—"

"उद्या पुसेगावला तुमच्या घरी येतो. त्यांनाच विचारतो."

"नाही म्हणाले तर?"

देविदासने शाईचं पेन तिच्यापुढे सरकवलं. "तर परवा येतो."

जिन्यावर कपांचा आवाज आला. पुनमने घाईघाईने उरलेलं 'दास' लिहून टाकलं—या वेळी शाईने.