दोन बोटं खाली

माझ्या खोलीतल्या दोन खुर्च्यांपैकी एक दोन बोटं खाली गेली होती आणि ते माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हतं. आमच्या समुपदेशन केंद्राच्या मोठ्या मॅडमना नाही, पुढच्या टेबलावर बसून लोकांच्या वेळा लिहून घेणाऱ्या मावशींनाही नाही.

"अगं, माणूस बसतोय ना नीट? मग झालं तर!" मावशी म्हणाल्या.

झालं कसं? मी क्लिनिकल सोशल वर्कर आहे. माणसं मनावरचं ओझं घेऊन येतात आणि माझं सगळं काम त्या दोन खुर्च्यांवर चालतं. मी गोळ्या देत नाही, सल्लेही फारसे देत नाही. समोरच्याचं ऐकते. त्याच्या घरी कोण कोण आहे, कामावर काय चाललंय, कोण त्याच्या बाजूनं उभं राहतं, हे सगळं धरून बघते आणि मग आम्ही दोघं मिळून वाट शोधतो. आता त्या माणसाला मान वर करून माझ्याशी बोलावं लागलं, तर आम्ही 'दोघं मिळून' काय डोंबल शोधणार? मी हट्टालाच पेटले आणि मागच्या गल्लीतल्या सुताराला निरोप धाडला.

तो आला तेव्हा मी जमिनीवर आडवी होऊन खुर्चीचे पाय बघत होते.

"काही हरवलंय का?" दारातून आवाज आला.

"उंची," मी म्हणाले, आणि उठता उठता टेबलावर डोकं आपटून घेतलं.

तो हसला नाही... म्हणजे हसला, पण नुसत्या डोळ्यांनी. तिशीचा असेल. पापण्यांवर लाकडाचा भुसा होता. माझ्याशेजारी गुडघे टेकून त्यानं खुर्चीच्या बैठकीवरून हलकेच तळवा फिरवला.

"दोन बोटं खाली," तो म्हणाला. "डावीकडे जरा जास्तच."

आठवडाभर मी याच दोन बोटांसाठी घसा कोरडा करत होते. या अनोळखी माणसाला मिठी मारावी की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

"लोक सांगतात, साहेबांची खुर्ची चार बोटं वर घ्या," खुर्ची उलटी करत तो म्हणाला. "सारख्या करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही."

"मग काय म्हणू?"

"तुम्हाला काय म्हणावंसं वाटतं?"

त्यानं मान वर केली. "तुम्ही सगळ्यांना असंच प्रश्नाला प्रश्न विचारता?"

"का? तुम्हाला त्रास होतोय?"

आणि मग आम्ही दोघंही हसलो.

एका खुर्चीला किती दिवस लागावेत? आमच्या खुर्चीला चार खेपा लागल्या. एकदा सांधा उकलायला, एकदा सरस लावायला, एकदा सरस वाळला का बघायला. चौथी खेप कशासाठी होती ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. मी बापडी कशाला विचारते!

तिसऱ्या खेपेला तो खुर्चीच्या हातावर पॉलिशपेपर घासत बसला होता. "माणूस आला की तुम्ही आधी काय विचारता?"

"काहीच नाही. गप्प बसते. शांततेला घाबरायचं नाही, हा आमचा पहिला धडा. थोडं थांबलं की माणूस आपणहून बोलतो."

"असं?" तो म्हणाला आणि गप्प झाला. पॉलिशपेपरचा तेवढा आवाज. खिडकीबाहेर पावसाची भुरभुर. एक मिनिट गेलं... दोन गेली... तिसऱ्या मिनिटाला मी त्याला आमच्या मांजराबद्दल सांगत होते, आईनं माझ्यासाठी पाहिलेल्या आणि मी पळवून लावलेल्या तीन स्थळांबद्दल सांगत होते, आणि गाडी चालवायच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालेय हेसुद्धा!

"शांततेला घाबरायचं नाही," तो पॉलिशपेपरवरची नजर न काढता म्हणाला. माझे कान तापले.

त्याच दिवशी मला खुर्चीच्या पाठीमागे मागच्या खेपेला चिकटवलेली चिठ्ठी दिसली. 'सरस ओला आहे. बसू नये.' अक्षर ठसठशीत, जुन्या वळणाचं.

"हे तुमचं अक्षर?"

"बाबांचं. चिठ्ठी दुकानातली. आम्ही चिठ्ठ्यांतूनच बोलतो. आठ महिने झाले." तो हसत सांगत होता, पण हात थांबला होता. "मी दुकानात रंधा मारायचं मशीन आणलं. बाबा म्हणाले, 'मग आता माझ्या हातांचं काय काम?' मी... लगेच उत्तर दिलं नाही. एवढंच. तेव्हापासून एकाच दुकानात पाठीला पाठ लावून काम करतो. आता पॉलिश कुठलं लावायचं तेही लिहून विचारायचं."

मला खूप काही बोलावंसं वाटलं. मी त्याला पाण्याचा पेला दिला.

आमच्याकडे दर बुधवारी प्रत्येकानं मोठ्या मॅडमसमोर बसून आपल्या कामाचा पाढा वाचायचा असतो. कुठे अडलो, कुठे चुकलो, कुठे जास्तच गुंतलो, सगळं. त्या बुधवारी त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "खुर्ची अजून दुरुस्तच होतेय वाटतं?"

"सांधा जुना आहे," मी म्हणाले.

"हं. एक लक्षात ठेव. ज्याच्यासाठी आरशापुढे उभं राहून केस विंचरावेसे वाटतात, त्याला क्लाएंट म्हणून घ्यायचं नाही. बाकीचे नियम पुस्तकात आहेत."

"मॅडम, तो सुतार आहे!"

"मग विंचर खुशाल," त्या म्हणाल्या आणि पुढची फाईल ओढली.

सोमवारी मावशींच्या वहीत लिहिलेलं होतं : अकरा वाजता, खुर्चीवाले. पाचवी खेप! मी आरशापुढे जाऊन केस विंचरले. मग पुन्हा एकदा विंचरले.

तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. हत्यारांची पिशवी नाही, पापण्यांवर भुसा नाही. सरळ येऊन तो त्या खुर्चीत बसला... समोरच्या माणसाच्या खुर्चीत.

"आज हत्यारं नाही आणलीत?"

"आज दुरुस्ती माझी आहे," तो म्हणाला आणि त्यानं मावशींकडून घेतलेला फॉर्म पुढे केला. 'कशासाठी यायचे आहे?' या रकान्यात लिहिलं होतं : 'बाबांशी बोलता येत नाही. या मॅडमशी बोलता येतं.'

मी ते दोनदा वाचलं. आनंदानं उडी मारावी की रडावं, तेच कळेना. बिचाऱ्याला वाटलं होतं, इथे बसलं की आपण जवळ येऊ. आणि जगात एकच जागा अशी होती, जिथे बसल्यावर तो माझ्यापासून कायमचा लांब जाणार होता! ती जागा मीच त्याच्याकडून नीट करून घेतली होती.

"मी तुम्हाला क्लाएंट म्हणून घेऊ शकत नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. त्यानं फॉर्मची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "बरोबर आहे. इथे लोक केवढाली दुःखं घेऊन येतात. त्यात आमच्या चिठ्ठ्या—"

"तसं नाही हो!"

"मग कसं?"

आता गप्प बसले असते, तर तो उठून गेला असता. माझ्याकडेच नाही, कुणाकडेच परत आला नसता, आणि बापलेक जन्मभर चिठ्ठ्या लिहीत बसले असते. मला बोलणं भाग होतं. पण शब्द काही सरळ बाहेर येईनात.

"इथे बसणाऱ्या माणसाचं सगळं मला कळतं, आणि माझं त्याला काहीच कळत नाही. ती वेळ त्याची असते. तो इतक्या भरवशानं सांगत असतो, की... तो भरवसा मी माझ्यासाठी वापरायचा नसतो. आता नाही आणि पुढेही नाही. तुम्ही माझे क्लाएंट झालात, तर मी तुमच्याबरोबर कधी साधा चहासुद्धा पिऊ शकणार नाही."

"चहा," तो म्हणाला.

"चहा."

"म्हणजे तुम्हाला... माझ्याबरोबर..."

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "आज सकाळी मी दोनदा केस विंचरले."

तो इतक्या घाईनं उठला, की खुर्ची मागच्या मागे धाडकन पडली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. तिला काहीही झालं नव्हतं.

"सांधा पक्का बसलाय," तो म्हणाला. या वेळी कान त्याचे लाल झाले होते.

"पण फॉर्म फाडू नका," मी म्हणाले. "मोठ्या मॅडमकडे जा. बाबांना घेऊन जा. माझ्यामुळे तुमचं आणि त्यांचं बोलणं राहून गेलं, तर तो चहा मला गोड लागणार नाही."

"बाबा यायचे नाहीत."

"चिठ्ठी लिहा."

"काय लिहू?"

"तुम्हाला काय लिहावंसं वाटतं?"

"झालं का सुरू!" तो म्हणाला आणि मनापासून हसला. मग दारात थांबला. "आणि... चहा?"

"तुमचं इथलं काम संपल्यावर. तोवर मी काही विचारणार नाही, तुम्ही काही सांगायचं नाही."

त्याच दिवशी मी मोठ्या मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, "केस छान दिसतायत."

त्यानं काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण पुढच्या सोमवारी बाबा आले. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले, हाताची घडी घातलेले. बाहेरच्या बाकावर दोघं बसले ते मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तो माझ्याकडे बघून फक्त मान हलवायचा. मीही हलवायचे. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. एरवी उशिराचं खापर मी बसवर फोडायचे, म्हणून आई म्हणाली, "हल्ली सोमवारी तुझी बस कशी काय वेळेवर येते गं?"

चौथ्या सोमवारी मधली जागा कमी झालेली दिसली. सहाव्या सोमवारी तर दोघं जोरजोरात भांडत होते. आमचा बाक कुठल्या लाकडाचा आहे, यावरून! मावशी त्यांना गप्प करत होत्या आणि मी दाराआड हातात उलटी फाईल धरून खुशीत ऐकत उभी होते. विचारलं मात्र कुणाला काही नाही. आजवरच्या नोकरीत इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

मग ते यायचे थांबले. एक सोमवार गेला, दुसरा गेला. मनात नाही नाही ते येऊन गेलं. तिसऱ्या सोमवारी मावशींनी एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली : 'काम संपलं. साडेपाचला चहा ठेवतोय.'

मी सव्वापाचलाच पोचले. दुकानात मशीन घरघरत होतं आणि त्यावर फळी सारत होते खुद्द बाबा, मशीनला बडबडत. "हळू घे, हळू! घाई कसली झालीय तुला?" मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, थेट मुलासारखी.

मागच्या अंगणात, पत्र्याखाली, दोन कप वाफाळत होते. शेजारी नवाकोरा बाक होता, दोघांपुरता. त्यावर चिठ्ठी होती, जुन्या वळणाच्या अक्षरातली : 'दोघांचं वजन पेलेल. बसून बघावे.'

"बोलतात ना आता?" मी कुजबुजले.

"थांबतच नाहीत! पण महत्त्वाचं असलं की अजून लिहूनच देतात."

आम्ही बसलो. त्यानं आपल्या आणि माझ्या मधल्या जागेवर बोटं ठेवली, मापल्यासारखी, आणि मग ती माझ्या बोटांवर आली. पत्र्यावर पाऊस टपटपत होता. तो काही बोलेना... आणि मीही बोलले नाही. मांजराबद्दलसुद्धा नाही.

आत मशीन थांबलं. "बसतोय का नीट बाक?" आतून खणखणीत आवाज आला.

"हो, बाबा," मी म्हणाले.

म्हणून गेले आणि जीभ चावली. आत बाबांनी घसा खाकरला, ते चष्मा पुसत दारापर्यंत आले, आणि आल्या पावली परत जाऊन त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.