लालसिंगची डावी गाठ

"माह्या नवऱ्याले भर बाजारात चोर म्हटलं, साहेब! डफडं वाजवून!"

जमनी दारातूनच ओरडली आणि किसनरावांचा चहा बशीत सांडला. उभी हयात पोलिसात जमादारी केली, तरी बाईमाणूस रडताना पाहिलं की ते अजूनही गडबडायचे.

धर्मपालनं तिला बसायला खुर्ची दिली. यवतमाळात खासगी तपास करणारा हा एकटाच माणूस. आधी कॉलेजात गणित शिकवायचा. टेबलावर कायम दोऱ्यांची वेटोळी पडलेली. दोन गाठी एकच आहेत की वेगळ्या, हे ठरवायची पक्की रीत शोधणं हा त्याचा छंद. निवृत्तीनंतर त्याच्या मदतीला आलेल्या किसनरावांच्या मते शुद्ध रिकामटेकडेपणा.

जमनी दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. नवरा लालसिंग सुधारित कापसाची सरकी बियाण्यासाठी पिकवायचा.

"बैलावर दोन गोण्या लादून दारव्ह्याच्या गोदामात गेलता. एकीत सरकी, दुसरीत तोलाले ज्वारी. बियाण्याच्या निरीक्षकानं सरकीच्या गोणीवर लाखेची मोहोर लावली. दुसऱ्या दिवशी यवतमाळले तपासाले उघडली, तं किडकी सरकी! आता परवाना जाईन, अन् पोलीस त्याले नेऊन राह्यले."

"मोहोर शाबूत होती?" किसनरावांनी विचारलं.

"होती म्हणते."

"मग अवघड आहे, बाई."

धर्मपाल मात्र उठून टोपी शोधू लागला.

दारव्ह्याच्या गोदामात निरीक्षकांनी यवतमाळहून परत आलेली ती गोणी समोर ठेवली. गळ्याशी दोरीची साधी गाठ, दोरीची दोन्ही टोकं लाखेच्या एकाच गोळ्यात बुडालेली. यवतमाळवाल्यांनी शिवण उसवून सरकी काढली होती. दोरी आणि मोहोर तशीच.

"दोरी अखंड, मोहोर शाबूत, शिवण तोवर जशीच्या तशी. मग सरकी बदलणार कोण? ज्यानं आणली तोच," निरीक्षक म्हणाले. "आणि शेवटी तांड्याचा माणूस, म्हणजे…"

"वाक्य पुरं करा, साहेब," धर्मपाल म्हणाला.

निरीक्षक खिडकीबाहेर बघायला लागले.

"माझ्या बापालाही अशीच अर्धी वाक्यं ऐकवायचे. छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला. लोकांची वाक्यं अर्धीच राहिली." त्याचा आवाज चढला नव्हता, पण किसनरावांनी त्याचे कान लाल झालेले पाहिले.

निरीक्षकांनी मुकाट्यानं फाइलीतला फोटो दिला. मोहोर लावल्याबरोबर घेतलेला. बैलापुढे दोन्ही गोण्या उभ्या. त्यांवर डांबरानं रंगवलेलं लालसिंगचं नाव सरळ वाचता येत होतं. धर्मपालनं भिंग लावून गाठी पाहिल्या.

"मोहोर कोणाकोणाजवळ असते?"

"एक माझ्याजवळ. त्याच संध्याकाळी मी केळापूरला दौऱ्यावर गेलो, मोहोर सोबतच्या पेटीत होती. दुसरी इथं, गोदामपाल बापूजींकडे."

ट्रकवाला बळीराम पुढे आला. "मी सकाळी गोणी टाकली, यवतमाळले उतरवली. मोहोर माह्याजवळ कायची? मले काहून विचारून राह्यले? रस्त्यानं हादरे लय. गाठ इकडची तिकडं झाली असन तं झाली असन."

मग बापूजी. स्वच्छ धोतर, चेहऱ्यावर राग. "रात्रभर गोणी इथंच होती, पण मी बोटही लावलं नाही. त्याची ज्वारीची गोणीही न्यायची राहिली, अजून कोपऱ्यात पडलीय, बघा. या लोकांच्या गाठी काय, सगळ्या एकसारख्या."

"तशी मारून दाखवता?"

बापूजींनी कोपऱ्यातल्या गोणीकडे एकदा पाहिलं आणि झटक्यात गाठ मारून दिली. धर्मपालनं ती दोरी खिशात टाकली.

लालसिंग बाहेर शिपायाजवळ बसला होता. त्यानं एकच सांगितलं. "बैलाच्या डाव्या अंगाले डावी गाठ, उजव्या अंगाले उजवी. एकमेकीकडं तोंड करून, आरशात दिसते तशी. आमच्या घरची रीत हाये. सरकी डाव्या अंगाले होती."

किसनरावांना त्यात काही दिसलं नाही. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

"आता दिसेल," धर्मपाल म्हणाला आणि सगळ्यांना आत बोलावलं.

त्यानं सुतळीला एक गाठ मारली, दोन्ही टोकं लाखेनं जोडली आणि ते कडं निरीक्षकांच्या हातात दिलं. "ही डावी गाठ. टोकं न सोडता, दोरी न कापता हिची उजवी करा."

निरीक्षकांनी पिळलं, उलथवलं, ओढलं. बळीरामनं हिसके दिले. किसनरावांनी ते मागून धरून पाहिलं, मागूनही डावीच.

"होणार नाही," धर्मपाल म्हणाला. "गणितात याचा पुरावा आहे. आधी तोही चकवतो. गाठीतल्या दोरीच्या प्रत्येक तुकड्याला एक अक्षर देऊन हिशेब मांडला, तर डावीचा आणि उजवीचा सारखाच येतो. दोरीवरून फिरायची दिशा धरली की मग दोघी वेगळ्या निघतात. टोकं बंद असली तर यवतमाळपर्यंतचे खड्डे काय, सगळ्या जिल्ह्याचे खड्डे ही गाठ बदलू शकत नाहीत. आता फोटो बघा. सरकीच्या गोणीवर डावी गाठ. आणि समोरच्या गोणीवर?"

किसनराव वाकले. "उजवी! अरे देवा."

"म्हणजे मोहोर फुटली होती. गाठ सोडली, सरकी बदलली, गाठ मारली, नवी मोहोर लावली. बळीरामजवळ मोहोर नाही. निरीक्षक केळापुरात. मोहोर आणि गोणी दोन्ही हाताशी होत्या त्या एकाच माणसाच्या."

"फोटो उलटा छापलाय!" बापूजी ओरडले.

"मग लालसिंगचं नावही उलटं दिसलं असतं. ही घ्या तुमची गाठ." धर्मपालनं खिशातली दोरी काढली. "उजवी. त्या रात्रीही तुम्ही ज्वारीची गोणी बघूनच मारली. एका बैलावरच्या दोन गाठी वेगळ्या असतील, हे तुमच्या मनातही आलं नाही. तुमच्या लेखी ते लोकच सगळे एकसारखे! सरकी कुठंय?"

बापूजींनी ती दोरी खाली टाकली. "माझ्या वावरात पेरली. बियाणं नामी होतं. वाटलं, तांड्याचा माणूस… कोण विचारणार?"

किसनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग स्वतःचाही होता; पुढं काही विचारलं त्यांनीही नव्हतंच. मोहोर शाबूत म्हटल्यावर त्यांनी जमनीला परतच लावलं असतं.

निरीक्षकांनी घसा साफ केला. "लालसिंग, परवाना कायम राहील. तसा कागद पाठवतो."

"कागद तुमच्या कपाटात राह्यते, साहेब," लालसिंग म्हणाला. "डफडं बाजारात वाजलं होतं."

"बघू, पुढच्या बाजारी…"

"आजच बाजार आहे," किसनराव कडाडले. जमादारीतला आवाज बऱ्याच दिवसांनी निघाला. "चला. आणि साहेब, वाक्य पुरं म्हणायचं."

डफडं वाजलं. भाजीवाले, कापडवाले, जोडेवाले थांबले. निरीक्षक मान खाली घालून म्हणाले, "लालसिंग चोर नाही. चोरी गोदामात झाली. मी न तपासता त्याचं नाव घेतलं."

"जोरानं म्हणा, साहेब," जमनी म्हणाली. "मागच्या वेळी त्या टोकाच्या मिरचीवालीलेही ऐकू गेलतं."