तळ्यावर ओरडायचं नाही

बाबांची दुर्बीण फाटकावरच्या चौकीत द्यायची आणि उन्हं चढायच्या आत घरी यायचं, एवढंच दोघी बहिणींचं ठरलं होतं. पण चौकीतल्या नव्या रखवालदारानं दुर्बिणीच्या काचा पुसल्या, ती जपून कपाटात ठेवली आणि तो म्हणाला, "आलाच आहात तर तळं बघून जा ना. धुकं आहे, पण वाट तुमच्या पायाखालचीच."

पायाखालचीच होती. पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या या तळ्यावर बाबांनी उभी नोकरी काढली होती. फळ्यांच्या वाटेवर पाऊल टाकताच ओल्या लाकडाचा आणि साचल्या पाण्याचा तो वास आला, आणि धाकटीचं वय झरझर उतरलं. सुट्टीत दोघी बाबांच्या मागे मागे हिंडायच्या. कुणी बदकाला पाव टाकला की बाबा हळूच म्हणायचे, "अहो, त्याला पाव आवडत असता तर ते बेकरीत राहिलं असतं." कुणी पिशवी कठड्याला अडकवून निघालं की, "भरलेली आणलीत, आता रिकामी झेपेना होय?" माणसं ओशाळून हसायची आणि पिशवी खिशात कोंबायची. वाट सोडायची नाही, घरट्यापाशी रेंगाळायचं नाही, साधं पीससुद्धा उचलायचं नाही. आणि आवाज कुजबुजीच्या वर जाता कामा नये. "आपण इथं पाहुणे गं. पाहुण्यानं आरडाओरडा करायचा असतो का?"

"एकदा बाबा घसरून कमरेइतक्या चिखलात गेले होते, आठवतं?" धाकटी म्हणाली. "मदत मागितली, तीही कुजबुजत!"

थोरली हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बाबा गेले तेव्हा ती साता समुद्रापार होती. विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

"एकदा... नुसतं एकदा दिसायला हवे होते गं," ती म्हणाली.

धुकं दाट होत गेलं. आधी तळं गेलं, मग समोरच्या फळ्या गेल्या. पाण्याचा चुळुक आवाजही थांबला. उरला फक्त कठड्याचा गारठा आणि एकमेकींचा श्वास.

"पाकोळे..."

थोरली जागच्या जागी थिजली. तिचं हे लाडाचं नाव फक्त बाबांच्या तोंडी होतं.

"ऐकलंस?"

"ताई... मागे फिरू या."

"पाकोळे! अगं, किती उशीर केलास! ये ना इकडे!"

तोच घोगरा आवाज. मोठा, मोकळा, मायेनं भरलेला. येत होता डावीकडून. तिकडे वाट नव्हती, नुसतं पाणी आणि चिखल होता. ओ द्यायला धाकटीचे ओठ उघडलेही होते. तोवर थोरलीनं एक पाय कठड्यापलीकडे टाकला होता.

मोठा आवाज. तळ्यावर?

धाकटीनं झेप घेऊन बहिणीच्या कमरेला मिठी घातली.

"सोड मला! बाबा बोलावतायत..."

"ताई, हे बाबा नाहीत," ती कानाशी कुजबुजली. "बाबा इथं कधी ओरडले होते का? सांग ना... एकदा तरी?"

थोरलीचं अंग सैल पडलं. खाली चिखलात एक बुडबुडा आला, फुटला. हाका चालूच राहिल्या. एवढ्या मोठ्या, की हाताखालचा कठडा थरथरत होता. दोघी कठडा चाचपत, ओ न देता, परत फिरल्या.

फाटकाबाहेर लावलेल्या गाडीपाशी पोचेतो ऊन आलं. धुकं कापसासारखं विरायला लागलं.

"खरंच भेटायला आले असतील तर?" थोरली म्हणाली. धाकटीनं तिला आत बसवलं, स्वतः शेजारी बसून तिचा हात हातात घेतला आणि दार ओढलं. दार जरा जोरात लागलं.

त्या एवढ्याशा आवाजानं तळ्याच्या डाव्या अंगाचे बगळे भर्रकन उडाले. शेकडो. घरटी सोडून, कलकलाट करत, आभाळ पांढरं करत. हाका येत होत्या नेमक्या त्याच जागेवरून. म्हणजे इतका वेळ, एवढ्या आरड्याओरड्यात, ते तिथंच बसून होते. एकही हलला नव्हता, जसा बाबांच्या चाहुलीनं कधीच हलायचा नाही.

थोरली काचेतून बघत राहिली. मग बहिणीच्या हातातला आपला हात तिनं हळूच सोडवून घेतला.